सात क्रमांकाच्या दोन बोटी

शारजा, रविवार

प्रिय बेबीनंदा, सप्रेम जयभीम.

उलटलेली बोट आपल्या प्रीतीची नव्हती, हे प्रथम सांगतो. मोबाइलवर शर्यत बघताना प्रीतीच्याच बोटीचा सात हा आकडा पाहून तू घाबरलीस. परंतु केवळ आकड्यावरून काही सिद्ध होत नाही. शर्यतीत इंजिनाच्या क्षमतेनुसार बोटींचे वर्ग पाडतात आणि प्रत्येक वर्गात सात क्रमांकाची बोट असू शकते. वर्ग ओळखायचा तो आकड्याआधीच्या अक्षरावरून. उलटलेली बोट मोठ्या वर्गातली होती, प्रीतीची लहान वर्गातली आहे. तिचा चालकही सुखरूप आहे.

तू जेवलीस का? वाटूरला फार ऊन आहे का?

बोटींच्या वर्गांचा हा युक्तिवाद निर्दोष आहे. तरी किनाऱ्यावर मलाही आधी आकडाच दिसला. अक्षर वाचायला दुर्बीण उचलली, पण ती डोळ्यांना उलटीच लावली. तेवढ्यात पाठीमागून प्रीती म्हणाली, "बाबा, तिकडं काय बघून राह्यले? मी इथं हाय."

तुझा,
राजानंद