दोष ब्लेडचा नाही

प्रिय अद्वैत,

हो, लिहिलं. चार वर्षं जिभेवर येता येता परत जाणारं नाव एका फटक्यात लिहून टाकलं, आणि छत काही कोसळलं नाही. आई स्वयंपाकघरातून विचारतेय, झालं का सुरू? तिला म्हटलं, झालं, आता मध्ये बोलू नकोस.

तुझा मेसेज परवा सकाळी आला. चार वर्षांतला पहिला. नमस्कार नाही, कसे आहात नाही. रेझरचे दोन फोटो, कापलेल्या हनुवटीचा एक, आणि खाली तीन ओळी: ब्लेड ओढतं, मध्येच कापतं, एका आठवड्यात तीन कंपन्यांची ब्लेडं, साबण, ब्रश सगळं बदललं, इंटरनेटवर बघून उलटाही फिरवला, दोष कुठे आहे अण्णा? बरं केलंस. हवापाण्याच्या गप्पा काढल्या असत्यास तर मला उत्तर सुचलं नसतं. दोष शोधायचं काम मी कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं केलंय, आणि तेवढंच मला धड येतं. आई म्हणाली, फोन करा. मी म्हटलं, फोनवर माझा आवाज चढेल, तो ठेवून देईल, आणि पुन्हा चार वर्षं जातील. येलहंका आणि इलेक्ट्रॉनिक सिटी, एकाच गावाची दोन टोकं, आणि आपण वागतोय जसा काही मध्ये समुद्रच आहे. तू या घरात पुन्हा पाऊल टाकतोस की नाही हे आता या कागदावर आहे, एवढं मला कळतं. म्हणून सावकाश लिहितोय. तूही सावकाश वाच, आणि ‘माहितीये अण्णा’ म्हणत ओळी गाळू नकोस.

आधी तुझ्या प्रश्नाचं. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी टूलरूममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगायचो. तू काय केलंस? ब्लेड बदललंस, त्याच आठवड्यात साबण बदललास, नवा ब्रश आणलास, आणि इंटरनेटवर कुणी सांगितलं म्हणून रेझर उलटा फिरवायला लागलास. मग दोष सापडणार कसा! माझा पहिला संशय पाण्यावर गेला. तुमच्याकडे टँकरचं पाणी, आणि टँकरमध्ये बोअरचं. त्या खारट पाण्यात साबणाला जो येतो तो फेस नव्हे, नुसता पांढरा रंग. दाढीपुरतं प्यायच्या कॅनमधलं तांब्याभर पाणी गरम करून घे, आधी चेहरा चांगला भिजव, आणि ब्रश स्वल्प जास्त वेळ फिरव. दुसरा संशय तुझ्या हातावर. प्लॅस्टिकचे रेझर वापरणारे लोक दाबतात. या रेझरला स्वतःचं वजन आहे, त्याला तुझ्या जोराची गरज नाही. ब्लेडवरची टोपी गालाला टेकव, मूठ हळूहळू खाली आण, केसाला धार लागल्याची खरखर ऐकू आली की तिथेच थांब, तोच कोन. बाथरूममधला पंखा बंद ठेव म्हणजे ऐकू येईल. तिसरं, तू ब्लेड टॉवेलला पुसतोस. फोटोत मागच्या टॉवेलवर चिरा पडल्यात, मला काय दिसत नाही? पुसायचं नाही, त्यानं धार जाते. धुवायचं, झटकायचं, सुकू द्यायचं. आणि चार दाढ्या झाल्या की टाकून द्यायचं. मी सात करायचो, पण माझी कातडी गेंड्याची आहे. हे आईचं मत.

मानेचं तेवढं सांगायचं राहिलं. मानेवर केस सरळ खाली येत नाहीत, भोवऱ्यासारखे कुठेही वळतात. दोन दिवस वाढू दे, मग बोटं फिरवून बघ, कुठल्या दिशेला बोट अडकत नाही. पहिला हात त्याच दिशेनं. मला हे माझ्या वडिलांनी सोळाव्या वर्षी आरशासमोर उभं करून शिकवलं, माझी मान वाकडी धरून, शिव्या घालत. तू ते सत्ताविसाव्या वर्षी एकट्यानं, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, हनुवटी फोडून घेत शिकतोयस. कारण ज्यानं शिकवायचं तो इथं तोंड फुगवून बसला होता.

बस्स, आता ते सांगतोच. तू जन्मलास तेव्हा मुलगी झाली म्हणून मी अख्ख्या टूलरूमला म्हैसूरपाक वाटला होता, आणि तेवीस वर्षं तुला मुलगी म्हणूनच वाढवलं. पाळण्यातलं ते नाव मी या कागदावर लिहिणार नाही, ते आता कुणाचंच नाही. तू मला दोनदा सांगायचा प्रयत्न केलास. एकदा गाडीत, तेव्हा मी रेडिओ मोठा केला. एकदा देवघरासमोर, तेव्हा मी मला उशीर होतोय म्हणालो, आणि मी तर निवृत्त झालेलो! मग तो युगादीच्या आदल्या दिवशी सकाळचा प्रसंग. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. तू माझा रेझर घेऊन आरशासमोर उभा, कानापर्यंत फेस, गालावर एकही केस नसताना दोन ठिकाणी रक्त. आणि तू हसत होतास. स्वतःकडे बघून इतकं मोकळं हसताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी काय बोललो ते तुला पाठ असेल, मलाही आहे, परत लिहीत नाही. दुपारी तू बॅग घेऊन गेलास, रेझरही नेलास. मी सगळ्यांना सांगितलं, रेझर हरवला. तेव्हापासून मी प्लॅस्टिकच्या भिकार रेझरनं दाढी करतोय. बरी शिक्षा झाली.

तुला वाटत असेल मला तुझं काहीच ठाऊक नाही. अरे, आईचं जे भजनी मंडळ दर दुसऱ्या शनिवारी भरतं, ते मॅजेस्टिकजवळच्या हॉटेलात बसून मसाला डोसा खातं, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. भजनाहून येणाऱ्या बाईच्या पदराला सांबाराचा वास येत नाही. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पण आल्यावर ती बोलता बोलता एखादी गोष्ट सांडून जायची: आवाज फुटलाय, दवाखान्यातलं सगळं सुरळीत झालं, नोकरीत सगळ्या कागदांवर नवं नाव चढलं. मी पेपर वाचत असायचो. पान उलटत नव्हतं, एवढंच.

आणि नावावरून आठवलं. आपण मध्वांचे, चार पिढ्या द्वैत घोकलेलं घर, आणि तुला जगात नाव काय सापडलं, तर अद्वैत! तुझे दोड्डप्पा, माझे थोरले बंधू भीमाचार्य, यांना तू मुलगी राहिली नाहीस याचा जेवढा धक्का बसला, त्याहून मोठा या नावाचा बसला. म्हणाले, निदान वासुदेव तरी ठेवायचं होतं. त्या दिवशी मला चार वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसू आलं, आणि ते उठून गेले. त्यांना जाऊ दे. आयुष्यभर त्यांच्या पुढ्यात मी मान खाली घालून उभा राहिलो. मुहूर्त त्यांचा, आचारी त्यांचा, घरात कुणी काय शिकायचं तेही त्यांनी ठरवायचं. आता अडुसष्टाव्या वर्षी माझी मान दुखते, खाली घालता येत नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय असं मी त्यांना कळवलं.

आता परत रेझर. वर एवढं सगळं लिहिलं खरं, ते सगळं करच, पण तुझं खरं दुखणं त्यात नाही. काल दुपारी तुझा फोटो मोठा केला, आणि वर माझं जुनं भिंग धरलं. तू ब्लेड बरोबर बसवलंयस. टोपी नीट, मूठ नीट आवळलेली. पण ब्लेडखालची जी पट्टी असते ना, तिचा एक कोपरा वाकलाय. फार नाही, पोस्टकार्डाच्या जाडीएवढा. त्यामुळे ब्लेड एका बाजूनं बेतानं दिसतं आणि दुसऱ्या बाजूनं जास्त बाहेर डोकावतं. एक बाजू गुळगुळीत दाढी करते, दुसरी कातडी सोलते. तू धुताना रेझर फिरवतोस, बाजू बदलते, म्हणून तुला वाटतं कधी कापतं, कधी कापत नाही. खात्री करायची तर मुठीला एका बाजूला पेनानं ठिपका दे आणि अख्खी दाढी त्याच बाजूनं कर. मग उद्या दुसऱ्या बाजूनं. कळेल.

ती पट्टी पितळेची आहे, आपोआप वाकत नाही. वापरून वाकत नाही, हातातून बेसिनमध्ये पडूनही वाकत नाही. ती त्या सकाळी वाकली, तुझ्या हातातून रेझर हिसकावून मी तो बाथरूमच्या फरशीवर आपटला तेव्हा. तीन तुकडे तीन दिशांना गेले होते. तू ओणवा होऊन ते गोळा केलेस, मी उभा राहून पाहिलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामात दोष काढणारा मी, आणि इतके दिवस तुझ्या गालावर निघणारं रक्त माझ्या हातचं. ब्लेडचा दोष नाही. तुझ्या हाताचा नाही. तुझ्यात तर नव्हताच कधी. माझं चुकलं रे. हे वाक्य मी कारखान्यात कुणाला म्हटलं नाही, घरात कुणाला म्हटलं नाही, त्यामुळे कसं म्हणतात ते मला नीट येत नाही. जसं आलं तसं घे.

रेझर फेकू नकोस आणि दुसरा आणू नकोस. पितळ आहे, सरळ होतं. माझ्याकडे सपाट लोखंडी ठोकळा आहे, लाकडी हातोडी आहे, फट मोजायच्या पात्या आहेत. अर्ध्या तासाचं काम. पण त्यासाठी रेझर इथं यायला हवा, आणि रेझर काही एकटा बस पकडून येत नाही.

आता ज्याच्यासाठी हा कागद घेतला ते. सोबत सौम्याच्या लग्नाचं कार्ड आहे, बारा फेब्रुवारी, येलहंक्यातच. तुझ्या बहिणीचं लग्न ठरल्याचं आईनं डोशाबरोबर सांगितलं असेलच. हे सांगितलं नसेल: लाजाहोमाला नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो, आणि दोड्डप्पांनी परस्पर ठरवलं की त्यांचा मुलगा वादिराज उभा राहील. सौम्या भर बैठकीत म्हणाली, माझा भाऊ इलेक्ट्रॉनिक सिटीत जिवंत आहे, तो लाह्या घालेल, नाहीतर रजिस्टर ऑफिसात सही करून मोकळी होते. नवऱ्याकडच्यांना तिनं आधीच सगळं सांगून टाकलंय. दोड्डप्पा माझ्याकडे वळले, मी गप्प करीन तिला म्हणून. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, ती म्हणते तसंच होईल. ते म्हणाले, त्याचं नाव कार्डावर आलं तर आमच्या घरातलं कुणी मांडवात येणार नाही. मी म्हटलं, मग पंचवीस पानं कमी सांगतो आचाऱ्याला. कार्ड उघडून बघ, आईच्या नि माझ्या नावाखाली पहिली ओळ: वधूचा भाऊ, अद्वैत. कन्नडमध्ये आहे, ठळक टाइपात. प्रेसवाल्यानं दोनदा फोन करून विचारलं, मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. चारशे कार्डं वाटून झाली, आता मागे घेता येत नाहीत, आणि मला घ्यायचीही नाहीत. तू अकरालाच ये. रेझर आण. संध्याकाळी पट्टी सरळ करू, आणि बाराला सकाळी आरशासमोर तुला मी उभा करीन, मान वाकडी धरून, शिव्या घालत. गाल, हनुवटी, मान, सगळं लख्ख करू. फक्त फोटोत ती जी कोवळी मिशी दिसतेय, तिला हात लावायचा नाही. आपल्यात बाप जिवंत असताना मुलगा मिशी उतरवत नाही. आणि मी जिवंत आहे.

तुझाच, मान ताठ झालेला,
अण्णा