सायलीची वही

७ जुलै २०२५, सोमवार
डॉक्टरीणबाई आज ओरडल्याच. हिमोग्लोबिन सात! "पिशवीच्या ऑपरेशनची तारीख तुम्ही तिसऱ्यांदा मोडली. आता काय मुहूर्त बघताय का?"
मुहूर्त! अहो बाई, माझ्या घरात बावीस वर्षांची पोरगी आहे. उठवायची मी, धुवायची मी, भरवायची मी. तिची पाळी आली की कपडे बदलायचे मी. बाप तरी काय काय करणार? दवाखान्यात आठ दिवस, वर महिनाभर वजन उचलायचं नाय. मग सायलीला उचलायचं कुणी? हे सांगितलं तर म्हणतात कशा, "नातेवाईक असतील ना?"
आहेत की. लई आहेत.

८ जुलै
जाऊबाईला फोन केला. "महालक्ष्म्या होऊ द्या, मग बघू." भावाला केला. "ताई, घरात लहान लेकरं आहेत, घाबरतील." माझ्या पोरीला घाबरतील! जी स्वतः कुकरच्या शिट्टीला घाबरते!
नणंदेला फोनच केला नाय. हे म्हणाले, "चिडू नको, तुला रक्त कमी आहे."

१५ जुलै, मंगळवार
निधी मागायला एका कंपनीत गेलो, मी आणि रामकिसन भाऊ. भाऊ आमच्या पालक मंडळाचे सचिव. स्वतःची सत्तरी आली, पोरगा सत्यम चाळिशीचा, अजून त्याच्या बुटाची नाडी भाऊच बांधतात. दोन वर्षं झाली आम्ही एकच कागद घेऊन दारोदार फिरतोय. उस्मानपुऱ्यात भाड्याचं घर, चार खाटा, रात्रंदिवस सांभाळणाऱ्या दोन बाया. आईबापाला ऑपरेशन आलं, मयतीला जायचं असलं, नाहीतर नुसतं झोपायचं असलं, तर लेकराला आठ-दहा दिवस तिथं ठेवायचं. एवढंच! मकबरा बांधून द्या म्हणत नाय आम्ही.
निधी देणारे साहेब पोरगेलेसे. कागद दोनदा उलटापालटा केला. "चार खाटा म्हणजे लाभार्थी फारच कमी भरतात. त्यापेक्षा दोनशे व्हीलचेअर वाटू. एका दिवसात कार्यक्रम!" मग म्हणे, "आणि त्या आठ दिवसांत आई काय करणार?"
भाऊ म्हणाले, "आराम."
साहेबांनी पेन खाली ठेवला. "आराम रिपोर्टमध्ये कसा दाखवायचा? आईसाठी शिवणक्लास जोडता येईल का?"
शिवणक्लास!! पिशवी काढलेल्या बाईला! मी उठून उभीच राहिले. भाऊंनी डोळ्यांनी दटावलं म्हणून बसले. पण तोंड थांबतंय थोडंच! म्हटलं, "साहेब, आमची पोरं आमच्याशिवाय कुणाला कळत नायत. प्रत्येक आई वही लिहून देईल, पोराचं सगळं त्यात. सांभाळणारीनं ती वाचायची, रोज सही करायची. हे दाखवा तुमच्या रिपोर्टात!"
साहेब एकदम खूश. "अरे वा, हे छान आहे. हे घेऊ."

२४ जुलै
मंजूर! एका वर्षापुरतं. पत्रात अट क्रमांक एक — वही. वाचून रोज सही, नाहीतर पुढचा हप्ता नाय. भाऊंनी पेढे आणले. सत्यमनं पाच खाल्ले.

१० ऑगस्ट, रविवार
वही लिहितेय. चाळीस पानं झाली. पहिल्या पानावर लाल पेनानं: "ग्लास हातात देऊ नये. पाणी चमच्यानंच पाजावं." सात वर्षांची असताना ठसका लागून निळी पडली होती. चार दिवस आयसीयू. तेव्हापासून चमचाच. पुढं बाकीचं — भात किती मऊ, झोपते कुठल्या कुशीवर, "म्म" म्हणजे काय न् "म्मा" म्हणजे काय.
हे म्हणाले, "एवढं कोण वाचणार?"
"तुम्ही तरी वाचा! बाप आहात ना!"
तोंड फुगवून बिडकीनला सेकंड शिफ्टला गेले. जाऊ द्या.

१३ ऑगस्ट
आज पाण्याचा दिवस. टाकी, बादल्या, पातेली सगळं भरलं. कंबर गेली. बाकी काय लिहू.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
सोमवारी घर उघडलं. फीत, फोटो, नारळ. बॅनरवर साहेबच साहेब, पोरं खाली कोपऱ्यात. आणि सांभाळायला आलेली एक शिकलेली बाई तिसऱ्या दिवशी पळाली! "मोठ्या माणसांचं धुणंपुसणं मला जमणार नाही." मग काय जमणार होतं? फीत कापायला?
उरली गोजरबाई. दौलताबादची, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. सायलीला बघून पहिलंच बोलली, "अगं बया, केस किती झ्याक हायेत पोरीचे!" बावीस वर्षांत पहिल्या भेटीत असं कुणी बोललं नव्हतं. मी काही विरघळले नाय. वही हातात दिली. तिनं कपाळाला लावली न् कपाटात ठेवली.

१० सप्टेंबर, बुधवार
डोकं फुटायची वेळ आलीय! सोमवारी ऑपरेशन. आज गोजरबाईला विचारलं, सायलीचा भात कसा करायचा ते वहीत बघितलं का? शांतपणे म्हणते, "मला कुठं वाचता येतंय, बाई."
चाळीस पानं!
"मग बाकीच्या पोरांच्या वह्यांवर रोज सही करताय ती?"
"सही येती की. तेवढीच येती."
रामकिसन भाऊंना फोन लावला, नको नको ते बोलले. ते म्हणाले, "ठेवताना मी विचारलंच नाय, ताई. सत्यमला आंघोळ घालत होती, तो हसत होता. मी तेवढंच बघितलं." मग हळूच, "कंपनीला कळलं तर पैसा बंद. तिला काढलं तर घर बंद. तुमचं ऑपरेशनबी राहिलं मग."
आणि वाचायची अट कुणाची? माझी! लई शहाणी मी!

१४ सप्टेंबर, रविवार
सायलीला सोडून आले. तिला काढून भागणार नव्हतं, म्हणून मीच वही वाचून दाखवायला बसले. म्हटलं आधी औषधं, ती मोठी गोष्ट. फिटची गोळी सकाळ-रात्र, डब्यात खण करून दिले. गोजरबाईनं तीनदा म्हणून दाखवलं, एकदाबी चुकली नाय. मग जेवणाचं पान काढलं तर म्हणते, "औषधाचं कळलं. बाकीचं पोरगीच सांगन मला."
"तिला बोलता येत नाय!"
"न बोलता सांगन की."
असा संताप आला! माझी बावीस वर्षं, आणि हिला दोन दिवसांत पोरगी सांगणार! वही आपटली न् सायलीकडं न बघताच बाहेर पडले. रडली का नाय, तेही माहीत नाय. रिक्षात मीच रडले. रिक्षावाला विचारत होता, "क्या हुआ, अम्मा?" त्याच्यावरही खेकसले.

१६ सप्टेंबर
काल झालं ऑपरेशन. टाके ओढतायत. पडल्या पडल्या लिहितेय.
पहिलं पान! ग्लासाचं सांगायचंच राहिलं! रागारागात औषधांवरच थांबले. गोजरबाईचा फोन लागत नाय. भाऊंचाही नाय. यांना शिफ्ट सोडून पळवलंय उस्मानपुऱ्याला. देवा, वाटेल ते माझं कर, पोरीला काही होऊ देऊ नको.

१७ सप्टेंबर
रात्री यांचा फोन आला होता, "बरी आहे." एवढंच. सकाळी स्वतः आले. मोबाइलवरचा व्हिडिओ समोर धरला. सायली खाटेवर बसलीय. दोन्ही हातांत स्टीलचा पेला. तळाला थोडंसं पाणी. पितेय. हनुवटीवरून सांडतंय, तरी पितेय. संपलं की पेला पुढं करते — अजून! मागून गोजरबाईचा आवाज, "दोन दिस माझ्या पेल्याकडंच बघत व्हती, म्हून दिला. घोट-घोटच देते, बाई."
पंधरा वर्षं मी चमच्यानं पाजलं.
यांना म्हटलं, ती वही घेऊन या. पहिलं पान मला फाडायचंय.