टाकानिनीचा सम्राट

३ ऑगस्ट
मंडळाच्या मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं — यंदा गणपतीच्या पूजेला यजमान म्हणून संग्राम आणि त्याची बायको बसणार. हॉल त्यानेच मिळवून दिला ना! पुरुषोत्तम म्हणाला, पूजा मी सांगतो, यजमानही मीच ठरवतो, बारा वर्षं हेच चाललंय. मी म्हणालो, अध्यक्ष मी आहे. तो उठून गेला. टाकानिनीतलं चाळीस घरांचं मंडळ, आणि मी कॉलर ताठ करून घरी.

५ ऑगस्ट
ईस्ट टामाकीच्या गोदामात कामाला जाताना गाडीत युरोपचा इतिहास ऐकतो. आज बिशप कुणी नेमायचे यावरून सम्राट हेन्री आणि पोप ग्रेगरी यांची जुंपली. पोपने सम्राटाला धर्माबाहेर काढलं. अगदी माझंच! सम्राटाचं काहीही चुकलं नव्हतं, असं माझं ठाम मत. (गोदामात या सम्राटाला फोर्कलिफ्टची चावीसुद्धा मागून घ्यावी लागते.)

९ ऑगस्ट
पुरुषोत्तमने मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. पोप स्वतःच बाहेर! इतिहासात हे बसत नाही.

१६ ऑगस्ट
तो पूजा सांगणार नाही म्हणे. मी म्हटलं, यूट्यूब लावू. बायको, विनिता, ताट ठेवता ठेवता थांबली.
"ऑक्टोबरात तो कायमचा ख्राइस्टचर्चला चाललाय, मुलीकडे. वीस वर्षांचा मित्र तुझा. आणि तू यूट्यूब लावणार?"
 मला जेवण गेलं नाही. तो असाच, न बोलता निघून गेला तर? 

१९ ऑगस्ट
पुढचा भाग. हेन्री कनोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस अनवाणी उभा. पोप दार उघडेना. शेवटी उघडलं, माफ केलं. पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो. उशीर झाला. सुपरवायझरचं ऐकून घेतलं.

२३ ऑगस्ट
पुरुषोत्तमकडे गेलो! इथला ऑगस्टचा हिवाळा, त्यात पाऊस. अनवाणी जायचा बेत होता, पण फुटपाथ फारच गार — जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातल्या. तीन दिवस सोडा, तीन मिनिटंही झाली नसतील, त्याच्या बायकोने, शकुवहिनींनी, दार उघडून हातात टॉवेल दिला. पुरुषोत्तम सोफ्यावर बसलेला. घोकलेलं भाषण विसरलो.
"चुकलो रे. तुला न विचारता ठरवायला नको होतं. पूजा तूच सांग."
त्याने सरकून सोफ्यावर मला जागा करून दिली.
"येतो. पण संग्रामला आता उठवू नकोस. वाईट दिसेल."
चहा झाला. तू कुणाला बसवणार होतास, असं विचारलं. राहू दे आता, म्हणाला. घरी येऊन विनिताला ऐटीत सांगितलं की सम्राटाला माफी मिळाली. ती म्हणाली, आधी केस पूस.

२७ ऑगस्ट
पूजा छान झाली. पुरुषोत्तमचा आवाज तसाच खणखणीत. हॉल आवरताना शकुवहिनींनी त्याच्या पोथीतला एक कागद विनिताला दिला. संकल्पाचा. त्याचं अक्षर, वर जुलैची तारीख. यजमानाचं गोत्र — आमचं. खाली नावं, आमची दोघांची.