झाडाखालचं टेबल

९ मे २००२, गुरुवार

युसुफ चालला! साठ पूर्ण झाली, व्हिसा खलास. अठ्ठावीसचं तिकीट, रत्नागिरीला कायमचा. हे सांगतो कधी, तर पबमध्ये बसल्यावर, माशावर लिंबू पिळता पिळता. लबाड!

मनोरमा, माझी बायको, जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून आमचा एकही गुरुवार चुकलेला नाही. शारजात दारू मिळत नाही, म्हणून दुबईत गरहूदच्या या पबात यायचं. आजूबाजूला बंगले, अंगणात कडुनिंब. मी बिअर, तो सोडा. खिशातून हिरव्या मिरच्या काढतो आणि कुरकुरतो - "हे काय, आजाऱ्याचं जेवण!" जेवण माझ्याकडून, परतताना गाडी त्याच्याकडे. राहतो एकाच बिल्डिंगमध्ये.

निरोपाचं जेवण तेवीसला. झोकात करायचं.

२३ मे, गुरुवार

माती केली मी.

झाडाखालचं टेबल सांगून ठेवलं होतं. वेटर म्हणाला, "सर, टुनाइट ड्राय. ओन्ली फूड." उद्या पैगंबरजयंती, म्हणून आज दारू बंद! शुक्रवारी तशीही सुट्टीच, त्यामुळे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"युसुफ, तुला माहीत होतं?"

"होतं रे. मशिदीतला मौलूदचा कार्यक्रम सोडून आलोय. म्हटलं, एक दिवस तू पण माझ्यासारखा जेव. शुद्धीत."

शुद्धीत! डोकंच फिरलं माझं. "तीन वर्षं फुकट जेवलास, आणि वर मला अक्कल शिकवतोस?" वेटरसमोर म्हणालो. मोठ्याने.

त्याने मिरच्या परत खिशात ठेवल्या. "यल्ला, चल. घरी सोडतो." उपाशीच निघालो. मी शुद्धीत होतो, तरी गाडी त्यानेच चालवली. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो.

२४ मे

त्याच्या दारापर्यंत दोनदा गेलो. बेल वाजवली नाही.

२८ मे

गेला. खिडकीतून बघत होतो. दोरीने बांधलेले खोके टॅक्सीत चढवले, मग त्याने एकदा वर पाहिलं. मी मागे सरकलो. कसला माणूस आहे मी!

३० मे, गुरुवार

टॅक्सीने एकटाच गेलो. वेटरने न सांगता समोरच्या खुर्चीपुढे सोडा आणून ठेवला. "युअर फ्रेंड कमिंग, सर?" म्हटलं, येईल. चार बिअर झाल्या. एकटं बसून पिणं फार वाईट.

६ जून, गुरुवार

धीर करून रत्नागिरीला फोन लावला. त्याच्या बायकोने, हव्वाबीने घेतला. तो नमाजला गेला होता. म्हटलं, माफी मागायची होती.

"माफी कसली, भाऊ? जेवता ना वेळेवर? ह्यांना त्या बिअरच्या वासाने मळमळायचं, घरी येऊन ओकायचे. मी इथून फोनवर म्हणायची, नका जाऊ. तर म्हणायचे, वहिनींनी हॉस्पिटलात शब्द घेतलाय - त्यांना एकट्याला पिऊ देऊ नका."

मनोरमाने!

आणि मला वाटायचं, मी त्याला जेवायला नेतोय.