परक्या मेंढराचं वाक्य

तुळजापूर, मंगळवार, संध्याकाळ

कट-कॉपी केलेलं जपून ठेवणारे तीन क्लिपबोर्ड मॅनेजर लावून पाहिले, शेवटी तिसरा ठेवला. पहिल्यानं आधी खातं उघडायला सांगितलं. दुसऱ्यानं माझा जुना लॅपटॉप जागीच बसवला. तिसरा इतका हलका, की आहे की नाही तेच कळत नाही. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की कॉपी केलेलं सगळं ओळीनं समोर. माऊसला हात लावावा लागत नाही.

हे कालच का केलं नाही? ईट गावचे मामा फोनवर मेंढरांमागची वर्षं सांगतात, मी टाइप करतो. काल त्यांचं परक्या मेंढराचं वाक्य वर न्यायला कट केलं, मध्येच दुसरं काही कॉपी केलं, आणि ते गेलं. सगळ्या मजकुरात तेच एक जिवंत होतं. आठवून लिहिलं, पण ते माझं झालं, मामांचं नाही.

आज लाजत पुन्हा विचारलं.

“परकं मेंढरू कळपात शिरलं तर कुत्र्याच्या आधी म्या वळखतो.” तेच वाक्य, शब्दही हलला नाही. “आरं, तुझं मशीन इसरतंय. म्या न्हाय.”

मग ते टाइप करून मुद्दाम कट केलं. त्यावर एकेक करून दहा फालतू ओळी कॉपी केल्या. कंट्रोल-शिफ्ट-व्ही. परकं मेंढरू अकराव्या जागी उभं! खुर्चीतून उठलोच. लगेच फोन लावला.

“मामा, आता तुमचं काही हरवणार नाही.”

“मंजी आता म्या इसरलो तरी चालतंय व्हय?”

“न्हाय,” त्यांच्यासारखंच निघालं तोंडून. “अजून लई राहिलंय. सकाळी लावतो फोन.”