मिसेसबरोबर आलोय

मंगळवार, ४ मार्च

काल ऑपरेशन झालं, आज घरी. डाव्या छातीतली गाठ काढून तपासायला पाठवली. काप काखेपर्यंत गेला आहे. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील. सर्जन म्हणाले, पुरुषांमध्ये हे क्वचित असतं, पण असतं. मी म्हणालो, असू दे. मी घाबरेन असं त्यांना वाटलं असावं. ही आजारी होती तेव्हा दोन वर्षं मी हेच करत होतो. रांगा, फाइल, रिपोर्ट. ती गेली त्याला दीड वर्ष झालं. आता हॉस्पिटल वेगळं निवडलं आहे, आणि तेव्हा मी बाहेरच्या बाकावर असायचो, आता आत होतो. बाकी फरक नाही.

घरी सोडताना नातेवाईक लागतो म्हणाले. टॅक्सीवाल्याला पुतण्या म्हणून उभं केलं. त्याने सहीसुद्धा केली. उतरताना म्हणाला, काका, तब्येतीला जपा. भाडं मात्र पूर्ण घेतलं.

कारखान्यात खांद्याचं ऑपरेशन असं सांगितलं आहे. मुलगी दुसऱ्या गावात असते, तिला तेवढंही सांगितलेलं नाही. याला लपवणं म्हणत नाहीत. पंपाच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात माझा जन्म गेला. मोजमाप हातात नसताना बोलायचं नाही, हा साधा नियम आहे.

निश्चय: हाताचा व्यायाम न चुकता. रिपोर्टसाठी फोन करायचा नाही. सुट्टी आहेच, तर हिचं कपाट रिकामं करून कपडे कुणाला तरी देऊन टाकायचे.

गुरुवार, ६ मार्च

व्यायाम सोपा आहे. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. माझी मुंगी दिव्याच्या बटणापर्यंत गेली आणि परत आली. पहिल्या दिवशी जास्त ताणू नये.

सोबत दिलेलं माहितीपत्रक वाचलं. सैल ब्रा वापरा, असं त्यात तीन ठिकाणी आहे. हा मजकूर तपासून पास कुणी केला?

बेअरिंगवाल्याचा फोन. त्याचा माल मी सुट्टीवर जाण्यापूर्वी होल्डवर टाकला होता. म्हणाला, साहेब, पास का फेल ते एकदा सांगून टाका, जीव टांगणीला लागलाय. मी म्हणालो, तपासणीला लागतो तो वेळ लागतोच. हल्ली लोकांना धीर नाही.

कपाट रविवारी.

शुक्रवार, ७ मार्च

ड्रेसिंग आणि व्यायामासाठी हॉस्पिटलात. व्यायामाची खोली आत. बाहेरच्या हॉलमध्ये खुर्च्या, आणि सगळ्या खुर्च्यांवर बायका. मी दारातच थबकलो. एक बाई, चष्मा गळ्यात आणि मांडीवर शिवण, म्हणाल्या, या की, बसा, आम्ही काही खात नाही. मग विचारलं, कुणाबरोबर आलात? मी म्हणालो, मिसेसबरोबर आलोय.

मुद्दाम बोललो नाही. दोन वर्षं हेच वाक्य बोलत होतो, ते आपोआप बाहेर पडलं. बाई म्हणाल्या, कुठे आहेत वहिनी? मी म्हणालो, आत.

पलीकडच्या, बँकेतून रिटायर झालेल्या बाई म्हणाल्या, नशीबवान आहे. आमचे हे पार्किंगमधून फोन करतात, झालं का म्हणून.

माझी पाळी आली तेव्हा, जरा बघून येतो, म्हणून आत गेलो. व्यायाम करून बाहेर आलो तर शिवणवाल्या बाईंनी विचारलं, फार दुखतंय का हो त्यांना? मी म्हणालो, सहन करतेय. ते खरंच होतं, ती सहनच करायची.

यात कुणाचं नुकसान नाही. पुढच्या वेळी खुलासा करून टाकीन.

रविवार, ९ मार्च

कपाटाची किल्ली सापडली. आजच्यापुरतं तेवढं पुरे.

सोमवार, १० मार्च

खुलासा करायला गेलो होतो. पण बसायच्या आतच शिवणवाल्या बाईंनी विचारलं, वहिनींना रात्री झोप लागली का? लागली, असं म्हणण्यावाचून इलाज नव्हता. मग बँकवाल्या बाईंनी उशी काखेत कशी ठेवायची ते दाखवलं. तिसऱ्या एकीने विचारलं, चिडचिड करतात का? मी म्हणालो, माझ्यावर नाही, रेडिओवर करते. सगळ्या हसल्या. मग तिच्या आणखी दोन-तीन गोष्टी सांगाव्या लागल्या. संशय येऊ नये म्हणून.

शिवणवाल्या बाईंची गाठ उजव्या बाजूला होती. कपडे लहानमोठे करून देण्याचं दुकान आहे, एकट्याच चालवतात. म्हणाल्या, हात वर नाही गेला तरी चालेल, कातर चालली पाहिजे. त्यांचाही रिपोर्ट यायचा आहे. म्हणाल्या, वहिनींना एक दिवस बाहेर बसवा ना आमच्यात. नुसतं पाहिलं तरी धीर येतो, की हिचं निभावलं तर माझंही निभावेल.

मी म्हणालो, विचारतो.

बुधवार, १२ मार्च

शिवणवाल्या बाईंना वहिनींसाठी पुढून उघडणारा सैल गाउन शिवायचा आहे. विकतच्यात हात घालताना टाके ओढतात, म्हणाल्या. मापाला एखादा जुना गाउन आणायला सांगितला. नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं.

घरी येऊन कपाट उघडलं. गाउन वरच्याच खणात होता, घ्यायला मिनिट लागायला नको होतं. मधल्या काळात गॅसवरचं दूध आटून पातेलं काळं झालं आणि शेजारचे बेल वाजवून विचारून गेले, काही जळतंय का. गॅसचा दोष आहे. हल्ली आच एकसारखी राहत नाही. धुरामुळे डोळ्यांनाही बराच त्रास झाला.

कपाट परत लावलं. अर्धवट रिकामं करण्यात अर्थ नसतो.

शुक्रवार, १४ मार्च

गाउन मापाला दिला. बाई म्हणाल्या, अगदी नाजूक आहेत हो वहिनी. मी म्हणालो, होती. मग म्हणालो, म्हणजे आधी जाड होती, आता नाजूक आहे. असं प्रसंगावधान अंगात असावं लागतं.

लॅबला फोन केला असं म्हणता येणार नाही. नंबर चालू आहे का ते पाहिलं. तीनदा. तिसऱ्या वेळी तिथली मुलगी म्हणाली, काका, आणखी एक तपासणी लावलीय, वेळ लागेल. मी विचारलं, कसली? का? पास का फेल एवढं तरी सांगाल? ती म्हणाली, धीर धरा. उद्धट आहे.

बेअरिंगवाल्याचा फोन उचलला नाही.

मुलीचा फोन आला. आवाज असा का येतोय, म्हणाली. मी म्हणालो, भिंतीजवळ उभा आहे. म्हणाली, का? मी म्हणालो, सहज.

सोमवार, १७ मार्च

गाउन मिळाला. आकाशी, पुढे बटणं, सुरेख शिलाई. पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, घालून बघायला सांगा आणि कसा होतो ते नक्की कळवा.

संध्याकाळी तपासणीसाठी टेबलावर पसरला. शिवण सरळ, काजं सारखी. पण वापरून पाहिल्याशिवाय अहवाल देता येत नाही. पडदे ओढले आणि घातला. डावा हात सहज गेला, टाके ओढले नाहीत. शर्टापेक्षा कितीतरी सोयीचा. काखेत मात्र घट्ट. तपासणी पूर्ण झाल्यावर लगेच काढायचा होता, पण बातम्या लागल्या होत्या. मग जेवणाची वेळ झाली.

मंगळवार, १८ मार्च

आज जे घडलं ते माझ्या कामातल्या शिस्तीमुळे घडलं. बाईंनी विचारलं, कसा बसला? एखाद्याने छान म्हणून सोडून दिलं असतं. मी आजवर कुठलाही माल शेऱ्याशिवाय पास केलेला नाही. म्हणालो, उत्तम आहे, काखेत थोडा घट्ट होतो.

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. म्हणाल्या, घट्ट? अहो, चार बोटं जादा सोडलीत मी! सूज आहे त्यांना! बँकवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काखेतली सूज म्हणजे अंगावर काढायची गोष्ट नाही, पुरुषांना काही कळत नाही, आहेत कुठे त्या? मी म्हणालो, आत. तिसरी म्हणाली, मी आताच आतून आले, आत कुणी नाही. व्यायाम शिकवणारी मुलगी दारात आली. शिवणवाल्या बाई तिला म्हणाल्या, ह्यांच्या मिसेसचा हात सुजलाय, आधी त्यांना बघा. ती म्हणाली, कुठल्या मिसेस?

मी बाथरूममध्ये गेलो. बराच वेळ लागला. बाहेर आलो तेव्हा हॉल रिकामा होता. व्यायामवाली मुलगी म्हणाली, मिसेस मागच्या दाराने गेल्या असतील म्हणून मी वेळ मारून नेली, पण तुम्ही खरं सांगा.

तेवढी परिस्थिती चिघळलेली नाही.

बुधवार, १९ मार्च

उद्या रिपोर्ट. शिवणवाल्या बाईंचाही उद्याच. कार्यक्रम ठरवला आहे. रिपोर्ट घ्यायचा, बाईंना दोन वाक्यांत खरं सांगायचं, मुलीला फोन करायचा, घरी येऊन झोपायचं. वाक्य पहिलं: पेशंट मी आहे. वाक्य दुसरं: मिसेस दीड वर्षापूर्वी गेली. दोन्ही मोठ्याने म्हणून पाहिली. पहिलं बरोबर येतं. दुसऱ्याला मध्येच पाणी प्यावं लागलं. हवा कोरडी आहे.

मन अगदी शांत. फक्त दाढी दोनदा केली गेली.

गुरुवार, २० मार्च

गाठ साधी निघाली. सर्जन म्हणाले, काही नाही, घरी जा, मजा करा. मी खुर्चीतून उठलो नाही. त्यांनी विचारलं, काही शंका? मी विचारलं, रिपोर्ट माझाच आहे ना? त्यांनी नाव वाचून दाखवलं. हिच्या वेळी मी असंच विचारलं होतं. तेव्हाही नाव बरोबर निघालं होतं.

बाहेर शिवणवाल्या बाई बसल्या होत्या. हातात शिवण नव्हती. म्हणाल्या, माझं परत कापणार, सोमवारी. मग औषधं, केस जाणार, सगळं. वहिनींचं काय आलं?

मी म्हणालो, चांगलं आलं.

म्हणाल्या, देव पावला. आता त्यांना फोन लावून द्या मला. डॉक्टर काय, बोलायचं म्हणून बोलतात. ज्या बाईने भोगलंय तिच्याशी बोलायचंय.

पहिलं वाक्य म्हणालो. त्या माझ्या शर्टाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्ही? आणि वहिनी? दुसरं वाक्य दोन भागांत म्हणालो. ह्यानेच का, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली. आज त्यांना हे सांगायला नको होतं. पण आज नसतं सांगितलं तर काय, फोन लावून दिला असता?

म्हणाल्या, म्हणजे दोन आठवडे मी गेलेल्या बाईची झोप विचारतेय, आणि तुम्ही लागली म्हणून सांगताय? मी म्हणालो, हो. म्हणाल्या, लाज कशी नाही वाटली हो? मी म्हणालो, बरं वाटत होतं. मग एकदम म्हणाल्या, थांबा, मग काखेत घट्ट कुणाला झाला?

मी शर्टाची कॉलर नीट केली. उत्तराची गरज पडली नाही. त्या टाके धरून हसायला लागल्या. हॉलमधले लोक बघायला लागले. शेवटी शेवटी ते हसणं होतं का रडणं, मला ठरवता आलं नाही. डोळे पुसून म्हणाल्या, त्या कशा गेल्या ते आज सांगू नका. पुढे विचारीन.

काउंटरवरच्या माणसाने सोमवारसाठी विचारलं, बरोबर कोण असेल? बाई गळ्यातला चष्मा पुसू लागल्या. मी म्हणालो, मी. बाई म्हणाल्या, लिहा, लिहा. त्यांचा धंदाच आहे तो.

मुलीला फोन केला. आधी ती ओरडली, मग रडली, मग पुन्हा ओरडली. मधेमधे मी, रिपोर्ट चांगला आहे, असं म्हणत होतो, ते तिने मनावर घेतलं नाही. म्हणाली, आईने गाठ अशीच लपवली होती तेव्हा किती चिडला होतात तुम्ही. मी म्हणालो, तिची गोष्ट वेगळी होती. ती म्हणाली, काय वेगळी होती? मी म्हणालो, फोनचा आवाज तुटतोय.

ती रविवारी येते आहे. येऊ नको म्हणालो. पण ती विचारत नव्हती.

सोमवार, २४ मार्च

पहाटेच मुलीला घेऊन हॉस्पिटलात. बाईंना घाबरण्यासारखं काही नाही हे नीट समजावून सांगितलं. भूल कशी देतात, आत किती वेळ लागतो, बाहेरच्याने कसं खंबीर राहायचं असतं. मुलगी म्हणाली, बाबा, पुरे. बाईंना स्ट्रेचरवर आत नेलं. दार आपोआप मिटलं. मी बाकावर बसलो.

त्यानंतरचं नीट आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो, पाय कुणीतरी खुर्चीवर ठेवले होते, आणि एक नर्स मोठ्याने विचारत होती, ह्यांच्याबरोबर कोण आहे? मुलगी म्हणाली, मी. आणि ह्यांचा जो पेशंट आत आहे, त्यांच्याबरोबरही आता मीच.

कारण साधं आहे. सकाळी नाश्ता झाला नव्हता.

बाईंचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुपारी शुद्धीवर आल्या. डोळे अर्धवट मिटलेले, जीभ जड. सगळ्यात आधी विचारलं, ते पडले का?

मी उशाशी उभा राहून मुलीला नको नको अशी खूण करत होतो. ती म्हणाली, हो.