दिवाणाचं पॉलिश आणि जावयाची गाडी

येलहंका, बेंगळुरू

तीर्थस्वरूप वसुमतीअक्कास,

धाकट्या नागनाथाचा साष्टांग नमस्कार. दसऱ्याचं पत्र दिवाळी तोंडावर आल्यावर लिहितोय, याबद्दल आधी माफ कर. दरवर्षी सोन्याचं पान पाकिटात घालून वेळेवर पाठवतो, हे तू जाणतेस. यंदा उजवा खांदा असा धरला होता की पेन राहू दे, आमटीचा चमचा तोंडापर्यंत जात नव्हता. खांदा का धरला, तेच पुढे सांगायचं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस व्यायली का? रात्री ताक पिऊ नकोस. फोन का केला नाही असं म्हणशील. या घरात भिंती पुठ्ठ्याच्या आहेत, आणि तू फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतेस, त्यामुळे इथलं बोलणं निपाणीच्या अख्ख्या गल्लीला कळतं. म्हणून पत्र.

लेकीच्या घरी राहणं काय असतं ते तुला सांगायला नको. शिवलीला चांगली आहे, जावई महांतेश तर फारच चांगले (इतके चांगले की त्यांची भीती वाटते). पण घरात फुकट बसलेला म्हातारा म्हणजे दारातली जादा चप्पल. कुणी काही म्हणत नाही, फक्त पायाने जरा बाजूला सारतात. इथे झाडायला बाई येते, कपडे यंत्र धुतं, भाजी दारात येते. मी करू काय? म्हणून खंडेनवमीला मी ठरवलं की आपण कामाला यायचं.

इथे त्या दिवसाला आयुधपूजा म्हणतात आणि तलवारी-कोयते सोडून सगळे गाड्याच पुजतात. खालच्या पार्किंगमध्ये नुसती जत्रा असते. गाड्यांना केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू. महांतेशरावांनी नवी गाडी घेतली आहे, गडद निळी. तिला ते स्वतःच्या रुमालाने पुसतात, मला दार लावायचं असलं तरी म्हणतात, "मामा, हळू." अशी गाडी पूजेच्या दिवशी लख्ख करून ठेवली, तर जावई खूश होईल, हा माझा साधा विचार. यात चुकलं कुठे, तूच सांग.

शिवलीलाच्या भांडी घासायच्या बेसिनखाली एक बाटली असते. तिच्यावरच्या चित्रात एक टेबल आहे आणि त्या टेबलात एका बाईचा चेहरा दिसतो. खाली इंग्रजीत बरंच काही बारीक लिहिलं आहे, ते मी सोडून दिलं (सातवी शिकलेल्या माणसाने किती वाचायचं?). दिवाणावर मारून पाहिलं, तर माझाही चेहरा दिसला, आणि बाईपेक्षा बरा दिसला. मग मला आपलं लहानपण आठवलं. खंडेनवमीला तू विळीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला तेल चोळायचीस, बेंदराच्या सणाला म्हशीची शिंगं चोळायचीस. लाकूड, लोखंड, शिंग, तुला सगळं एकच. मग पत्र्यानेच काय घोडं मारलंय? उजाडायच्या आधी दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली घेऊन खाली गेलो आणि माझ्या जुन्या बनियनने अख्खी गाडी चोळली. टपापासून चाकांपर्यंत. खांदा धरला तो तिथेच. काचाही चोळल्या. बाटलीत थोडं उरलं, ते टाकायचं कशाला, म्हणून आतल्या खुर्च्या आणि ते गोल चाकही चोळून घेतलं. (पायाखालच्या ब्रेकला हात लावला नाही. कंबर वाकेना. देवाचीच कृपा म्हणायची.)

अक्का, गाडी अशी दिसत होती की काय सांगू. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मूर्ती तिथे आले, तिच्यात बघून त्यांनी केस सारखे केले आणि म्हणाले, "सूपर, अंकल!" महांतेशरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तुला सांगतो, एवढा आनंद मला नोकरीत मुकादम झालो तेव्हाही झाला नव्हता. तो आनंद पूजा सुरू होईपर्यंत टिकला. पुरोहिताने बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते हळूहळू खाली ओघळलं. त्याने पुन्हा काढलं, पुन्हा ओघळलं. तो कन्नडमध्ये पुटपुटला, "स्वल्प थांबा, देवाचं काहीतरी वेगळं मनात आहे." कोरडी हळद मात्र जिथे पडली तिथेच बसली, विभूती बसली, झेंडूच्या पाकळ्या बसल्या. मला वाटलं, बरंच झालं, गाडीला दागिने चढले.

मग सगळे के. आर. पुरमला निघालो, महांतेशरावांचे थोरले भाऊ कल्लाप्पा यांच्याकडे जेवायला. शिवलीला पुढे बसली, इळकल साडी नेसून. पहिल्याच सिग्नलला ती खुर्चीवरून घसरून पायाखालच्या चटईवर जाऊन बसली. तिला वर घेतलं, पट्टा लावला, तर पुढच्या सिग्नलला पट्टा वर आणि ती खाली. इकडे गोल चाक महांतेशरावांच्या हातात मासळीसारखं सुळसुळत होतं. ते त्याला दोन्ही कोपरांनी कवटाळून गाडी हाकत होते. त्यात काच धूसर दिसते म्हणून त्यांनी पाणी उडवलं, तेव्हा काचेवर साय धरली. पुढचा रस्ता मी मागून मान बाहेर काढून सांगत होतो. वाटेत मेट्रोचं खणकाम. या शहरात जेवढी म्हणून धूळ आहे ती सगळी त्या दिवशी आमच्याच गाडीची वाट बघत होती. के. आर. पुरमला पोचलो तेव्हा निळी गाडी तांबडी झाली होती. तिच्यावर धूळ, पाकळ्या, माझ्या बनियनचे धागे, कुठल्याशा शिकवणीच्या जाहिरातीचा कागद आणि एक जिवंत नाकतोडा, असं सगळं चिकटलेलं होतं. कल्लाप्पा दारातच म्हणाले, "काय रे महांत्या, गाडी दुकानातून घेतलीस की वीटभट्टीतून?" भावकी सगळी हसली. महांतेशराव हसले नाहीत.

गुन्हा कसा उघडकीस आला म्हणशील, तर वासाने. त्या पॉलिशला लिंबाचा वास असतो. चाकाखालच्या लिंबांवर ढकलावं असं माझ्या मनात होतं, पण शिवलीला तुझीच भाची. तिने बॉनेट हुंगलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आप्पा, गाडीला आपल्या दिवाणाचा वास कसा येतोय?" मी नाकतोड्याकडे बघत राहिलो.

महांतेशराव चिडले असते तर मी जेवलो असतो. ते फक्त म्हणाले, "असू दे, मामा." धुण्याच्या दुकानात गाडी पुन्हा पुन्हा साबणात घातली, तेलकटपणा जाईना, तरी "असू दे, मामा." आता गाडीवर ताडपत्री घातली आहे आणि दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली गायब आहे. आणि परवा भिंतीपलीकडून माझ्या कानावर आलं की, "आप्पांना थोडे दिवस निपाणीला बदल म्हणून..." बदल म्हणे! थोडे दिवस म्हणून गेलेला म्हातारा परत आलेला तू पाहिलायस कधी? तुझ्या घरी यायला मला कमीपणा नाही, पण मला सकाळी शिवलीलाच्या हातचा चहा लागतो. हे तिला सांगू नकोस, ती मुद्दाम पातळ करेल.

असो. तब्येतीला जप. म्हशीला माझा नमस्कार सांग.

तुझा,
नागनाथ

ता. क. पाकिटातलं सोन्याचं पान गाडीच्या टपावरून सोडवलेलं आहे. चमकतं, पण बोटाला चिकटेल.

ता. क. दुसरा. एक सांगायचं राहिलं. ती "बदला"ची गोष्ट ऐकल्यावर माझा धीर सुटला आणि नाश्त्याच्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं की गाडीला पॉलिश लावायला वसुमतीअक्कानेच सांगितलं होतं. गेल्या वर्षी महांतेशरावांची पाठ धरली, तेव्हा डॉक्टरांना जमलं नाही ते तू फोनवरून एरंडाची पानं बांधायला सांगून बरं केलंस, तेव्हापासून तुझा शब्द म्हणजे त्यांना देवाचा शब्द. त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, "अक्का म्हणाल्या? सरी, बरोबर आहे. मग मामांचं लावायचंच काहीतरी चुकलं असेल." किल्ली खिळ्यावर परत आली आहे. तेव्हा त्यांनी विचारलं तर तू फक्त "हो" म्हण. तू थोरली, तुला कोण काय बोलणार?

ता. क. तिसरा. हे आत्ताच कळलं. ते पाडव्याला गाडी घेऊन निपाणीला येणार आहेत. तुझ्या हाताने, तुझ्या पद्धतीने, अख्खी गाडी चोळून घ्यायची म्हणून. दोन नव्या बाटल्याही घेतल्या आहेत. अक्का, काहीतरी कर. हात मोडला म्हण, सुतक आहे म्हण, नाहीतर ते पॉलिश फक्त म्हशीसाठी सांगितलं होतं म्हण. पण काय म्हणणार ते पत्र मिळताच मला कळव. घरच्या फोनवर नको, खाली मूर्तींच्या फोनवर (नंबर पाकिटावर लिहिला आहे). मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे पेपर वाचायच्या निमित्ताने बसतो आहे. लवकर कळव.